लाल टाका, निळा टाका

आधीच सांगून टाकते, या दोन्ही रेस्टॉरंटांत मी आजवर एक घासही खाल्लेला नाही. तरीपण या शहरात त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. अकरा वर्षं झाली, दोघांचे टेबलक्लॉथ, नॅपकिन आणि स्वयंपाक्यांचे लांब बाह्यांचे एप्रन माझ्या लाँड्रीत धुवायला येतात. वर्तमानपत्रवाले वर्षातून एकदा जेवून येतात आणि पानभर लिहितात. मी रोज सकाळी सात वाजता त्यांची गाठोडी सोडते. कोण जास्त ओळखणार, तुम्हीच सांगा.

दोघांची नावं परदेशी. एकाच्या नावातली निम्मी अक्षरं म्हणे उच्चारायचीच नसतात. मग लिहिलीत कशाला, असं मी त्यांच्या मॅनेजरला विचारलं होतं, तर तो नुसता हसला. तर ती भानगडच नको. एकाच्या काचेतून मखमली लाल पडदे दिसतात आणि दुसऱ्याचं दार निळं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

लाँड्रीत मात्र आम्ही पडदे-दारं असलं काही बोलत नाही. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका असतो, म्हणजे शंभर पांढऱ्या नॅपकिनांत कुणाचं कुठलं ते कळतं. निळ्या दाराच्या कापडांना कडेने निळा काठ आहे. निळ्या काठावर निळा टाका दिसणार आहे का? म्हणून त्यांना लाल टाका. मग लाल पडद्यांना लाल कसा देणार? त्यांना निळा. म्हणजे लाल टाका हे निळ्या दाराचं आणि निळा टाका हे लाल पडद्यांचं. यात समजायला अवघड काय आहे, असं मला अकरा वर्षं वाटत होतं.

त्या गुरुवारी माझी भाची जेवायला आली ती वर्तमानपत्र नाचवतच. ती डावखुरी, म्हणून लहानपणापासून तिला आम्ही सगळे डावू म्हणतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई परगावी असते. "तुझ्या भरवशावर पाठवतेय हो," म्हणून तिने हिला माझ्याकडे धाडलं, त्याला आता आठ वर्षं झाली. स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घेतलेली पोर, आता जवळच वेगळी खोली घेऊन राहते.

"ऐक मावशी," तिने पान उघडलं. "शहरातली दोन सर्वोत्तम युरोपियन रेस्टॉरंटं. दोघांनाही साडेचार तारे. शेवटी काय लिहिलंय बघ. दोघांपैकी एकाची निवड करणं अशक्य."

"मग पानभर शाई कशाला सांडली?" मी म्हटलं. "बस जेवायला."

"अगं, मला करायचीये ना निवड! दोघांनी बोलावलंय."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आमचे हे घास तोंडाशी नेत होते, तेही थांबले. कारण डावू आमच्यासमोर स्वयंपाकघरातल्या नोकरीबद्दल बोलली, त्याला दोन वर्षांहून जास्त होऊन गेलं होतं.

त्याचं कारण मला सांगायला आवडत नाही, पण सांगते. तीन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉटेलात मीच तिला चिकटवलं. त्यांचं धुणं माझ्याकडे यायचं. शब्द टाकला, काम झालं, आणि मी गावभर मिरवत सुटले की माझी भाची कुठे लागली बघा. डावूला लहानपणापासून एक वाईट खोड आहे. काम रंगात आलं की डावा हात डाव्या कमरेला पुसते. कितीदा ओरडले असेन मी तिला त्यावरून. तर त्या हॉटेलातून तिचा एप्रन आला की डाव्या कमरेशी हमखास डाग असायचा आणि मी चरफडत तो घासायचे. दोन महिन्यांत तो डाग यायचा बंद झाला. नंतर बाहीवर भाजल्याचे काळे ठिपके यायला लागले, आधी एक, मग चार. धुण्यावरून मला सगळं कळत होतं. आणि ती "मावशी, जमत नाहीये गं" म्हणाली तेव्हा मी काय म्हणाले? "अगं, सुरुवातीला असंच असतं, दम धर." दहा महिने दम धरून ती तिथून बाहेर पडली आणि चष्म्याच्या दुकानात काउंटरवर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे जेवायला आली की मीठ कमी आहे का जास्त, तेही सांगायची नाही. निमूट जेवायची. एकेकाळी हीच पोर माझ्या आमटीत तीन चुका काढायची!

त्यामुळे या वेळी पुन्हा तसलंच काही पदरात पडलं असतं तर ती परत कधी चुलीपाशी उभी राहिली नसती. हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही.

"दोघांचे पगार सारखे, वेळा सारख्या," डावू म्हणाली. "एकांनी शनिवारी चार वाजता बोलावलंय. तासभर काम बघणार, मग लगेच सही. दुसऱ्यांनी सांगितलंय की शनिवारी पाचपर्यंत येऊन होकार द्या, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. आत अजून मी कुठेच गेले नाहीये, बोलणं नुसतं फोनवर. मावशी, तू सांग ना. तू दोघांना ओळखतेस."

"मी दोघांची धुणी ओळखते."

"तेच तर हवंय मला."

मग मी हात धुतले आणि नीट बैठक मारून बसले. आपल्या धंद्याबद्दल कुणी विचारलं की मला चेव येतो.

"निळा टाका म्हणजे कसं," मी सुरू केलं, "आपण जसे नॅपकिन देतो तसेच परत येतात. घडीसुद्धा धड मोडलेली नसते. मधोमध ओठांचा एक ठसा, बस्स. माणसं तिथे जेवतात की नुसते फोटो काढतात, कोण जाणे. बीटचा रस सांडला तर तोसुद्धा गोल, मापात सांडतो."

"अन्न चांगलं असेल म्हणून सांडत नसतील," आमच्या ह्यांनी मध्ये तोंड घातलं.

"चांगलं असेलच! मी कुठे वाईट म्हटलं? तुम्ही जेवा गपचूप." मी डावूकडे वळले. "आणि लाल टाका म्हणजे डोक्याला ताप. लोणी, वाइन, मश्रूमचं सूप, काय म्हणशील ते. सॉसमध्ये पावाचे कण चिकटलेले असतात. म्हणजे लोक शेवटी पावाने बशी पुसून खातात. काही नॅपकिनांना गळ्याशी गाठ मारल्याच्या चुण्या असतात. एकावर तर कुणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलेलं, लिंबू, लोणी, पुढे काय?, आणि खाली तीन प्रश्नचिन्हं. सॉस कसा केला ते ओळखत बसला असणार शहाणा! आणि पेनाची शाई मी काढायची."

डावू हसली. खरंखुरं हसली. कितीतरी दिवसांनी.

"पण नॅपकिन सोड," मी म्हटलं. "तू काही तिथे गिऱ्हाईक म्हणून जाणार नाहीस. एप्रन बघायचे. निळ्या टाक्याच्या मोठ्या शेफचा एप्रन परत येतो ना, तर मी घातलेल्या इस्त्रीच्या घड्या त्यावर तशाच असतात. आडव्या तीन, उभी एक. बाकीच्यांच्या बाह्या मात्र भाजलेल्या. लाल टाक्यात उलटं. तिथल्या मोठ्या बाईंचा एप्रन सगळ्यांत घाण. अंडं तर कायमचं. त्यांच्या एप्रनला मी गार पाण्यात दोनदा बुडवते, गरम घातलं तर अंडं कापडातच शिजतं. आणि बाकीच्यांच्या बाह्या अख्ख्या. ज्याचा एप्रन कोरा, त्याच्या हाताखाली जायचं नाही. कळलं?"

"म्हणजे लाल."

"लाल म्हणजे लाल. डोळे मिटून जा."

आमचे हे ताक पीत सगळं ऐकत होते. ते चकार शब्द बोलले नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं तिला माहीत आहे." अहो, कसं माहीत असणार? लाँड्री आमच्या घराखालीच, पण तिच्या वासाने डावूचं डोकं चढतं, ती कधी तिथे पाऊल टाकत नाही. पण हे मला तरी कुठे सुचलं? दोष एकट्या त्यांना देऊन कसा चालेल.

शनिवारी पावणेचारला मी इस्त्रीच्या टेबलाशी होते. फोन वाजला.

"मावशी, पोचले गं! तुझंच ऐकलं. आत फोन नेऊ देत नाहीत, दारात जमा करावा लागतो, म्हणून आत्ताच केला. काय सुंदर आहे इथे! आणि पडदे तर विचारूच नकोस."

"शाब्बास," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हातात नॅपकिन होता, निळ्या काठाचा, कोपऱ्यात लाल टाका. मी त्याच्याकडे बघत राहिले. पडदे? यांच्याकडे कुठले आले पडदे? यांच्या खिडकीत तर कुंड्या आहेत.

नॅपकिन तसाच टाकला. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद.

"अहो!" मी ओरडले. "गाडी काढा! पोरीला मी चुकीच्या दारात घातलं!"

आमच्या ह्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. माणूस देवमाणूस आहे, पण गाडी त्यांनी जन्मात चाळिसाच्या वर नेलेली नाही. मागे कपड्यांची गाठोडी असतात, ती काय रडणार आहेत जोरात गेलं तर? पण नाही. पिवळा दिवा दिसला की हे लांबूनच थांबतात. त्या दिवशी एका सिग्नलला तर हिरवा असताना थांबले.

"हिरवा आहे!"

"आता बदलेल."

"बदलेल म्हणून थांबलात? पाचला ते निळं दार बंद होतंय आणि तुम्ही रंग बदलायची वाट बघताय?"

"रंगांचा घोळ मी नाही घातला," ते शांतपणे म्हणाले.

साडेचारला आम्ही लाल पडद्यांच्या मागच्या गल्लीत पोचलो. पुढचा दरवाजा मला माहीत नाही, मागचा पाठ आहे. रखवालदाराने गाडी ओळखली. "या वेळी तर तुमची पाळी नाही," तो म्हणाला. "तातडीचं आहे," म्हणत मी एक रिकामं गाठोडं बगलेत मारलं आणि आत घुसले. अकरा वर्षांत कपड्यांच्या कपाटापुढे मी कधी गेले नव्हते. कपाटाच्या पुढे जाड दार होतं, ते ढकललं.

आत दहा-बारा जण काम करत होते आणि आवाज म्हणून नाही. सुरी टेकल्याचा तेवढा. मध्ये मोठे शेफ हात मागे बांधून उभे. त्यांच्या एप्रनवर माझ्या घड्या, आडव्या तीन, उभी एक. आणि भिंतीकडेच्या ओट्याशी माझी डावू. गाजराचे काडेपेटीतल्या काड्यांसारखे बारीक तुकडे करत होती, आणि दर थोड्या वेळाने डावा हात बाजूच्या घडी केलेल्या फडक्याला टिपत होती. कमरेला नाही. खांदे कानाशी आले होते. ते खांदे मी ओळखत होते. दहा महिने बघितले होते.

"बाई, आपण कोण?" शेफनी विचारलं.

आता बारा परक्या माणसांसमोर, त्यांच्या शेफसमोर, मी काय बोलणार? तुमचा एप्रन कोरा असतो म्हणून पोरगी न्यायला आलेय, असं सांगू? मग जे सुचलं ते बोलले.

"डावू, लाल टाका म्हणजे निळं दार!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका स्वयंपाक्याच्या हातातली पळी तशीच हवेत.

"हे काय आहे?" शेफ म्हणाले.

"धुलाईचं आहे," मी म्हटलं. "आमच्यातलं."

डावूने माझ्याकडे बघितलं, मग शेफच्या एप्रनकडे, मग परत माझ्याकडे. आणि मग तिचे खांदे खाली आले. तिने सुरी पुसून जागेवर ठेवली, एप्रन सोडला, त्याची नीट घडी केली.

"शेफ, माफ करा," ती म्हणाली. "तुमचा वेळ घेतला. मी चुकून दुसऱ्याच दारात आले."

शेफ वाईट बोलले नाहीत, हे खरं ते सांगायला हवं. नुसत्या भुवया उचलल्या आणि गाजरांकडे बोट करून म्हणाले, "काप उत्तम आहेत." मग मला म्हणाले, "मंगळवारचे टेबलक्लॉथ वेळेवर येऊ द्या." माझ्यासारखी इस्त्री त्यांना कुठे मिळायची नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

गाडीत आम्ही तिघं पुढेच दाटीवाटीने बसलो. पाचला पंधरा मिनिटं कमी.

"तासभर काय, मला अर्ध्या तासातच कळलं होतं," डावू म्हणाली. "त्यांच्या एप्रनच्या घड्या मोजल्या मी. तू सांगितल्या तेवढ्याच."

"मग निघाली का नाहीस, वेडे?"

"म्हटलं, मावशीने लाल सांगितलंय. मावशी सांगते तर बरोबरच असेल. मीच घाबरट. दम धरला पाहिजे."

माझाच शब्द होता तो. तिने टोमणा म्हणून नाही, अगदी साधेपणाने परत दिला. बाहेर गाड्यांची गर्दी होती, बाजूला आमचे हे होते, डोळ्यांत पाणी आलेलं लपवायला जागा नव्हती. तर नाहीच लपवलं.

"डावू, मागच्या वेळी मला सगळं दिसत होतं," मी म्हणाले. "तुझ्या बाह्या मीच धूत होते. डाव्या कमरेचा डाग यायचा बंद झाला, तोही मला कळला होता. आणि मी गप्प बसले. त्या हॉटेलच्या नावाचा तोरा होता मला. चुकलं माझं. फार चुकलं."

ती रस्त्याकडे बघत होती.

"मला माहीत होतं तुला दिसतंय ते," ती म्हणाली. "एप्रन तुझ्याकडेच यायचे ना. रोज वाटायचं, आज मावशी येईल."

मी तिचा हात धरला.

"आज आलीस ना," ती म्हणाली आणि नाक ओढून हसली. "रिकामं गाठोडं घेऊन! फक्त पुढच्या वेळी टाक्यांत बोलू नकोस. सरळ दाराचा रंग सांग."

तेवढ्यात गाडीला असा हिसका बसला की मागची गाठोडी एकमेकांवर आपटली. बघते तर काटा पासष्टवर. आमचे हे दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, ओठ आवळून बसलेले, आणि समोर चक्क पिवळा दिवा. ते थांबले नाहीत.

तरी निळ्या दाराशी पोचायला पाच वाजून सात मिनिटं झालीच. डावूने दार ठोठावलं. मोठ्या बाईंनीच उघडलं, आणि एप्रनवर सकाळपासूनचा सगळा स्वयंपाक: अंडं, लोणी, टोमॅटो, काहीतरी हिरवं. मी पहिल्यांदाच त्यांना एप्रनच्या आत बघत होते.

"सात मिनिटं उशीर," बाई म्हणाल्या.

"दार चुकले होते," डावू म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ. "ती दुसरी मुलगी आली नाहीये अजून," त्या म्हणाल्या. "आज माणूस कमी आहे. हात धुऊन ये आणि कांद्याला लाग. होकार-नकार कांदे झाल्यावर." आणि मला म्हणाल्या, "लाँड्रीच्या बाई ना तुम्ही? त्या बॉलपेनच्या डागाबद्दल माफी मागायची राहिली होती." दार बंद झालं.

घरी जाताना हे पुन्हा चाळीसवर आले.

सोमवारी सकाळी सातला गाठोडी आली. लाल टाक्याचं मी आधी सोडलं. बाकी सगळं बाजूला सारलं आणि एप्रन एकेक करून उलगडत गेले. पाचवा नवा होता, कापड अजून कडक. बाह्या अख्ख्या. पुढे पिठाचे हात. आणि डाव्या कमरेशी, अगदी जिथे असायला हवा तिथे, चार बोटांचा लोण्या-टोमॅटोचा ढळढळीत डाग.

मी तो गार पाण्यात बुडवला, साबण लावला, थोडा घासला. पूर्ण निघाला नाही. खरं सांगायचं तर मी फारसा घासलाच नाही.